दौऱ्याच्या पेटीतल्या चार कुप्या

मी कंपाउंडर होतो. आता त्याला फार्मासिस्ट म्हणतात, सरकारी कागदावर औषधनिर्माण अधिकारी लिहितात. निर्माण कशाचं डोंबल! गोळ्यांच्या पुड्या बांधल्या, मिक्श्चर ढवळलं आणि सुया मारल्या, एवढंच केलं मी उभ्या नोकरीत. सुया मारणं खरं तर सिस्टरचं काम. पण अहेरीच्या पलीकडच्या जंगलात डॉक्टर मीटिंगला, सिस्टर लसीकरणाला आणि दारात माणूस तापानं फणफणतोय, अशा वेळी कोणाचं काम कोणतं हे विचारत बसलं तर माणूस मरतो. म्हणून मारल्या.

निवृत्त झाल्यावर वरोऱ्याला मुलाकडं येऊन राहिलो. तिथं मागच्या उन्हाळ्यात चंद्रपूरहून एका वैद्यकीय कॉलेजातल्या मॅडमचा फोन आला. त्यांना जुन्या इंजेक्शनांचं संग्रहालय करायचं होतं. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की वरोऱ्यात एक म्हातारा कंपाउंडर आहे, त्याला लेबल निघून गेलेली कुपीसुद्धा ओळखता येते. मी म्हटलं, "मॅडम, आमच्या वेळचं सगळं भंगारात गेलं." त्या म्हणाल्या, "काका, जे भंगारात जायचं राहिलं, तेच मला पाहिजे." बाई बोलायला तिखट होती. मला आवडली.

संग्रहालय म्हणजे काय, तर व्हरांड्यात पाण्याच्या कूलरशेजारी काचेची दोन कपाटं. पण आत ठेवलेलं पाहिलं आणि मी उभाच राहिलो. क्विनीनच्या कुप्या होत्या. रबरी बुचाची पेनिसिलीनची बाटली होती, आत पांढरी भुकटी घट्ट बसलेली. काचेच्या पिचकाऱ्या, सुया उकळायचा डबा, कुपीची मान कापायची इवलीशी आरी. कोरामिनसुद्धा होतं. जीव जाऊन राहिला की कोरामिन द्यायचं, अशी तेव्हाची रीत होती. गेलेल्यालाही देत असू, नातेवाइकांना वाटावं की डॉक्टरनं शेवटपर्यंत हात सोडला नाही. आणि लाल सुई होती. ती निव्वळ जीवनसत्त्वाची, पण लोकांचा जीव तिच्यावर. पोट दुखो की गुडघा, लाल सुई मारल्याशिवाय माणूस बाकावरून उठत नव्हता.

एका विद्यार्थिनीनं नाक मुरडलं. "ई! एकच सुई सगळ्यांना?" झालं, माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मग काय करायचं होतं? नव्या सुया बाभळीला लागत होत्या का? उकळून देत होतो. धार गेली की दगडावर घासून देत होतो. तुझ्या आजीलाही तीच मारली असेल." रॉकेल संपलं की उकळणं अर्धवट राहायचं, हे मात्र मी तिला सांगितलं नाही.

दोन-तीन खेपा झाल्या. मी कुप्या ओळखायच्या, मॅडमनं कार्डावर लिहून घ्यायचं. मग एका दिवशी त्या म्हणाल्या, "काका, एकच गोष्ट कुठं मिळत नाही. सापाचं जुनं इंजेक्शन. आपला जिल्हा सापांचा, आणि संग्रहालयात तेच नाही."

मी म्हटलं, "नाही मिळणार. तेव्हा आमच्याकडं ते येतच नव्हतं."

येत होतं. चार कुप्या माझ्या घरात ट्रंकेच्या तळाशी, जुन्या मफलरात गुंडाळलेल्या होत्या. बायकोला माहीत नव्हतं, मुलाला माहीत नव्हतं. एसटीत बसून वरोऱ्याला परत येताना मला माझीच किळस आली. इतकी वर्षं झाली, तरी तोंडातून खोटं कसं सवयीनं निघालं पाहा, जराही अडखळलं नाही.

दौऱ्याची पेटी काय असते ते सांगावं लागेल. कोणी मोठा माणूस आमच्या भागात येणार असला की आरोग्य केंद्रात एक पेटी भरायची. छातीत दुखलं तर, रक्त वाहिलं तर, साप चावला तर, असं सगळ्याचं इंजेक्शन त्या पेटीत. डॉक्टर स्वतः पाहणार, झाकण लावणार, वर चिकटपट्टी मारणार आणि पट्टीवर आडवी सही करणार. ती पट्टी मग दौरा संपेपर्यंत कोणी फाडायची नाही. कपाटात औषध असो नसो, पेटी भरलेली पाहिजे. कपाटातलं शेवटचं असेल तेही पेटीत जायचं.

मी एकदा ती पट्टी फाडली होती. एका बाळंतिणीचं रक्त थांबेना, आणि रक्त थांबवायची कुपी फक्त पेटीत. फाडली, दिली, बाई वाचली. दुसऱ्या दिवशी तेव्हाच्या साहेबानं मला बाकावर बसलेल्या पेशंटांसमोर उभं करून झाडलं. "उद्या पाहुण्याला काही झालं तर तू उत्तर देशील का?" वरून मेमो दिला. बाई वाचली हे त्याच्या कानावरून गेलं. मी घरी येऊन जेवलो नाही. त्या दिवसापासून ती पेटी दिसली की मी मान वळवायचो. पुढं त्या साहेबाची बदली झाली, नवा डॉक्टर आला. तरुण होता, सरळ होता, कोणावर आवाज चढवत नव्हता. पण मी माझा धडा शिकून बसलो होतो.

तो दिवस धानाच्या कापणीचा. कुठल्या तरी भूमिपूजनाला पाहुणे येणार होते. डॉक्टर सकाळीच हेलिपॅडवर गेले होते, जीप दुपारी परत येऊन पेटी नेणार होती. सिस्टर लसीकरणाला. केंद्रात मी एकटा. साडेदहाच्या सुमारास चार माणसं खाटेवर एकाला घेऊन आली. पंचविशीचा गडी. शेतात कापलेल्या धानाचा कडपा उचलताना खाली परड होती, म्हणजे घोणस. हाताला चावली. मागं त्याची बायको धावत आली, हातात विळा तसाच. कडेवर वर्षाचं लेकरू. आणि एक म्हातारा, तो गड्याचा बाप.

चावून तास-सव्वा तास झाला होता. वाटेत म्हाताऱ्यानं खाट पुजाऱ्याच्या दारात थांबवली होती. नारळ फोडला, मंत्र झाला, अंगारा लावला. बायको ओरडत होती, थांबू नका म्हणत होती, असं खाट धरणाऱ्या एकानं मला सांगितलं.

हात कोपरापर्यंत सुजला होता. हिरड्यांतून थोडं रक्त. पण माणूस बोलत होता. आभाळ आलंय, कडपे भिजतील, जाऊन उचला, असं बायकोला म्हणत होता. म्हणजे वेळ होती. हे मला तेव्हाही स्वच्छ दिसत होतं.

"दवाई हाय ना भाऊ?" बायकोनं विचारलं.

पेटी टेबलावर होती. पट्टी, आडवी सही. मला तो जुना साहेब दिसला, बाकावरचे पेशंट दिसले. मी म्हणालो, "नाई. संपली."

"काऊन नाई? सरकारी दवाखान्यात काऊन नाई?" ती ऐकणारी नव्हती. तिनं विळ्यानंच पेटीकडं दाखवलं. "त्या पेटीत काय हाय?"

मला राग आला. कशाचा, तर तिनं बरोबर बोट ठेवलं याचा. मी खेकसलो, "ते तुमच्यासाठी नाई. आन् आता दवाई असून तरी काय करता? उशीर केला तुम्ही. पुजाऱ्याच्या दारात बसून राह्यले, जहर चढून गेलं. आता काऊन माझ्यावर ओरडून राह्यल्या?"

तिला गप्प करायला बोललो, दुसरं काही नाही. आणि ती गप्प झाली. तिनं वळून सासऱ्याकडं पाहिलं. म्हातारा मान खाली घालून उभा होता.

मग काहीतरी केलं असं दिसावं म्हणून मी त्या माणसाला लाल सुई मारली. हो, लाल सुई. परडीच्या जहरावर जीवनसत्त्व. सुईच्या भोकातून रक्त येऊ लागलं आणि थांबेना. मी बोळा दाबून धरला, तो भिजला, दुसरा धरला, तोही भिजला. तेवढ्यात बांबूचा एक ट्रक अहेरीकडं चालला होता, त्याला हात केला आणि खाट वर चढवली. अहेरी यायच्या आधीच तो गेला.

दौरा रद्द झाला. पाहुणे आलेच नाहीत. चारच्या सुमारास जीप डॉक्टरांना घेऊन परत आली. त्यांना रस्त्यातच कळलं होतं. जीपमधून उतरता उतरताच त्यांनी विचारलं, "पेटीतल्या चार होत्या ना? दिल्या ना तुम्ही?"

मी म्हणालो, "दिल्या साहेब. चारही."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरं केलंत. पेटी काय, पुन्हा भरता येते."

ते हातपाय धुवायला विहिरीकडं गेले. मी आत जाऊन पट्टी फाडली आणि चारही कुप्या खिशात घातल्या. त्या दिवसापासून त्या माझ्याजवळ. फेकाव्यात म्हणून कितीदा नदीवर गेलो. हात होईना. ठेवून काय करणार होतो ते मलाही ठाऊक नव्हतं.

मॅडमला "नाही" म्हणून आल्यावर मला आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. शेवटी मफलर पिशवीत घातला आणि चंद्रपूरला गेलो. कुप्या टेबलावर ठेवल्या. मॅडम लहान पोरीसारख्या हरखल्या. एकेक कुपी उजेडात धरून पाहिली. भुकटी पिवळट पडली होती, लेबल मात्र वाचता येत होतं. त्यांनी कार्ड काढलं, नाव लिहिलं, उपयोग लिहिला. मग विचारलं, "काका, एवढं मौल्यवान औषध त्या भागात न वापरता राहिलं कसं? एक ओळ सांगा, लिहिते."

"लिहा ना काहीही!" मी ओरडलोच. "तुम्हाला कार्ड भरायचं पडलंय. लिहा, उंदरानं नेलं होतं म्हणून!"

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. तेच वाईट झालं. त्या रागावल्या असत्या तर मी भांडून निघून आलो असतो. मी खुर्चीत बसलो आणि सगळं सांगून टाकलं, वर लिहिलंय तेच, लाल सुईसकट. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या कानांनी ऐकलं.

मॅडम हळूच म्हणाल्या, "काका, घोणसीच्या दंशाला चार कुप्या पुरल्या नसत्या कदाचित. आज आम्ही सुरुवातच याहून जास्त देऊन करतो."

"मॅडम, मला जामीन देऊन राह्यल्या का?" मी म्हटलं. "पुरल्या असत्या, नसत्या, देव जाणे. पण असून नाही म्हणणारा मी. आणि वर त्या बाईच्या माथी उशीर मारणाराही मीच."

"त्या बाईंना हे ठाऊक आहे?"

"नाही."

"मग मी कार्डावर काय लिहू? त्यांच्या आधी इथं येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचायचं का?"

कुप्या त्यांनी कपाटात ठेवल्या नाहीत. कार्ड कोरंच राहिलं. मी उठलो तेव्हा त्यांनी मला एसटी स्टँडपर्यंत स्वतःच्या गाडीनं सोडलं.

दुसऱ्या दिवशी आलापल्लीची गाडी धरली. मुलाला सांगितलं, जुन्या स्टाफला भेटायला चाललोय. पाहा, पुन्हा खोटं. गाडीत मी कितीदा तरी ठरवलं की आष्टीला उतरावं आणि परत फिरावं. ती बाई मेली असेल, असंही मनात आलं, आणि त्या विचारानं मला बरं वाटलं. किती नीच असतो माणूस. आलापल्लीला मुक्काम केला आणि सकाळच्या गाडीनं पुढं तिच्या गावाला गेलो.

ती होती. केस पार पांढरे झालेले. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती आणि ती काडीकचरा वेचत बसली होती. मी फाटकाशी उभा राहिलो. तिनं कपाळावर हात धरून पाहिलं आणि म्हणाली, "कंपौंडरभाऊ नव्हं तुम्ही? या ना, उन्हात काऊन उभे राह्यले?"

खाट टाकली. सुनेला चहा ठेवायला सांगितलं. आत्ता कुठं असता, बायको बरी आहे का, सगळं विचारलं. कसाबसा म्हणालो, "बाई, त्या दिवसाचं बोलायला आलो. तुमच्या मालकाचं."

तिचा हात थांबला. मग ती मला समजावायलाच लागली. "जाऊ द्या भाऊ. तुमचा काय दोष? उशीर तं आम्हीच केला. तुम्ही तरी सुई मारली, ट्रक थांबवला. तेवढं तरी केलं."

त्यापेक्षा तिनं विळा घेतला असता तर बरं. मी खाली मान घालून सांगितलं. औषध होतं. चार कुप्या होत्या. तुम्ही दाखवली त्याच पेटीत होत्या. उशीर झाला नव्हता. ते मी तुम्हाला गप्प करायला बोललो. सुई नुसती जीवनसत्त्वाची होती.

ती उठली. मला वाटलं आत चालली. तिनं हाक मारून मुलाला बोलावलं. तेव्हाचं ते कडेवरचं लेकरू, आता मिशीवाला बाप्या. सुनेला बोलावलं. शेजारच्या घरातून दिराला बोलावलं. सगळे अंगणात उभे राहिले, आणि मग ती मला म्हणाली, "आता सांगा. मले सांगतलं तसंच. उभं राहून सांगा."

मी उभा राहून पुन्हा सांगितलं. दीर शिवी देऊन अंगावर धावून आला. तिनंच त्याला आडवा हात घातला. मुलगा जागचा हलला नाही. तो माझ्याकडं बघतच नव्हता, आईकडं बघत होता.

"मारू नको त्याले," ती दिराला म्हणाली. "तुह्या बापाचं सांगून राह्यली मी, आयक." मग माझ्याकडं वळली. "बुढा त्याच्यानंतर सहा सालं जगला, भाऊ. सहा सालं मी त्याच्याशी बोलली नाई. ताट सरकवून देत होती कुत्र्याले सरकवते तसं. त्यानं पुजाऱ्याच्या दारात खाट ठेवली म्हणून माहं कुकू गेलं, हेच मनात. तोही कधी बोलला नाई. त्यालेही तसंच वाटे. पोटच्या पोराले आपनच मारलं, असं वाटे त्याले."

सून रडायला लागली. हिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"मराच्या दिवशी घरी मीच होती. हे सारे शेतात गेलते. त्याच्या तोंडाले कोरड पडली. पानी मांगे. हात जोडे. मी हांडा भरून त्याच्या खाटेपाशी ठेवला, त्याच्या हाताले पुरणार नाई इतका दूर, आन् सामने बसून राह्यली. म्हटलं, माह्या नवऱ्याले तुनं बसवून ठेवलं ना, आता तूही बस. गेला तसाच. कोनालेच नाई सांगतलं मी हे. आज सांगून राह्यली."

दिरानं तिच्याकडं पाहिलं आणि तो जमिनीवर बसला.

"तुम्ही मले सांगतलं," ती म्हणाली. "आता बुढ्याले कोन सांगन?"

माफी मागायला म्हणून आलो होतो, पण तो शब्द तोंडातून निघेना. मी जायला वळलो. ती म्हणाली, "थांबा," आणि आत गेली. गडवाभर पाणी घेऊन आली आणि माझ्यापुढं धरलं.

"प्या. ऊन लागन."

मी नको म्हणालो. तिनं हात मागं घेतला नाही. गडवा माझ्या हातात दिला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली, मी पिईपर्यंत उठणार नाही अशी. मी प्यालो. शेवटचा घोट होईपर्यंत ती माझ्या तोंडाकडं पाहत होती.